ताळा : लेजरपासून ए.आय.पर्यंत



यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे चंडीगडच्या जुन्या आठवणी लिहिणार होतो. पण उत्सवाच्या तयारीच्या पहिल्याच बैठकीत एक प्रसंग घडला आणि विषय बदलला.

बैठक संपली, चहा आला. आपल्या मंडळातली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतो. आता ती इथल्या आयटी पार्कमध्ये नोकरी करते. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासणे हे तिचे काम. वर्षभरापूर्वी त्यांच्या गटात पाच जण होते, आता दोघेच आहेत. बाकीचे काम ए.आय., म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, करते आणि या दोघांनी त्यावर नजर ठेवायची. तिने विचारले, "काका, तुमच्या बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्ही घाबरला होतात का?"

मी म्हणालो, "हो, चांगलाच घाबरलो होतो."

त्यापुढचे उत्तर चहाच्या एका कपात मावणारे नव्हते. ते इथे लिहितो. आपल्या मंडळात बँकवाले बरेच आहेत. त्यांना यातले पुष्कळ ठाऊक असेल, त्यांनी क्षमा करावी. तरुण मंडळींनी मात्र जरूर वाचावे.

लेजरचे दिवस

मी १९८१ साली पुण्यातल्या एका शाखेत लिपिक म्हणून लागलो. तेव्हा बँक म्हणजे कागद, शाई आणि पितळी टोकन. ग्राहकाने चेक दिला की त्याला टोकन मिळायचे. चेक लेजरवर जायचा, लिपिक खात्यात नोंद करायचा, अधिकारी सही तपासायचा आणि मग कॅशियर टोकनचा नंबर पुकारायचा. दिवसाच्या शेवटी सगळी व्हाउचरे लावून रोजकीर्द जुळवायची. ती जुळली नाही तर कोणी घरी जायचे नाही. पाच पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत बसलेले लोक या मंडळात अजून आहेत.

व्याजाची रीत तर आजच्या मुलांना गंमतीची वाटेल. बचत खात्यावर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर व्याज मिळायचे. तीस तारखेला कोणी पैसे काढले की त्या महिन्याचे त्या रकमेवरचे व्याज बुडाले. हजारो खात्यांचे रोजच्या शिल्लकेवर व्याज हाताने काढणे शक्य नव्हते, म्हणून ही सोय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

'संगणक नको'

बँकांच्या आधी हा वाद आयुर्विमा महामंडळात झाला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर महामंडळाने संगणक आणायचे ठरवले. तेव्हा कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये यंत्र येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला. आज ते ऐकून काही जण हसतात. मला हसू येत नाही. घरटी एक कमावता आणि खाणारी सात तोंडे असा तो काळ होता. हजार कारकुनांचे काम एक यंत्र करते म्हटल्यावर माणसाने काय करावे?

वाद इतका वाढला की १९६९ साली केंद्र सरकारने 'ऑटोमेशन'वर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर. देशातल्या गरिबीचा नीलकंठ रथ यांच्यासह अभ्यास करणारे तेच दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ साली आला. सरसकट यंत्रे आणू नयेत, आधी गरज आणि परिणाम पाहावेत, असा त्याचा एकंदर कल होता. ज्या देशात हात रिकामे आहेत तिथे हातांचे काम यंत्राला देण्याआधी विचार करा, हे सांगणारा माणूस अडाणी नव्हता, यंत्रद्वेष्टाही नव्हता. हा आपला मराठी अर्थतज्ज्ञ होता, हे नव्या पिढीला ठाऊक असावे म्हणून मुद्दाम लिहिले.

८ सप्टेंबर १९८३

बँकांत यंत्र शिरले ते भांडून नव्हे, करार करून. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यंत्रे आणण्याबद्दल पहिला समझोता झाला. यंत्रे किती आणि कुठे आणायची याला मर्यादा घातली गेली. यंत्र चालवणाऱ्याला विशेष भत्ता ठरला. यंत्रामुळे कोणाला कामावरून काढले जाणार नाही, हे मान्य झाले. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा केला. तिचा अहवाल १९८४ साली आला, तर त्यांच्याच दुसऱ्या समितीचा १९८९ साली. समझोतेही पुढे १९८७ आणि १९९३ साली नव्याने झाले. एकेका पायरीवर थांबून, बोलणी करून यंत्र वर चढत होते.

आमच्या शाखेच्या दाराशी सभा झाली तेव्हा मी मागे उभा होतो. नेते म्हणाले, "कोणाचीही नोकरी जाणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ते वाक्य खरे ठरले. पण ते अर्धेच खरे होते, हे कळायला मला वीस वर्षे लागली.

नौ से भाग दो जी

१९९१ साली मी अधिकारी झालो आणि १९९२ साली बदली होऊन चंडीगडला आलो. सेक्टर १७ च्या बँक स्क्वेअरमध्ये आमची शाखा होती. पंजाब अशांततेतून नुकता कुठे सावरत होता. संध्याकाळी लवकर सामसूम व्हायची आणि थंडीतल्या धुक्यात सेक्टरचे नंबर सापडायचे नाहीत. मराठी बोलायला माणूस मिळावा म्हणून मी या मंडळात आलो तो इथलाच झालो.

१९९४ साली आमच्या शाखेतली बचत खाती मशीनवर न्यायचे ठरले. 'अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असे त्याचे लांबलचक नाव. सगळ्या खात्यांच्या शिल्लका त्यात भरायच्या आणि काही महिने लेजर व मशीन दोन्ही चालवायचे, म्हणजे दिवसभर हाताने लिहा आणि संध्याकाळी तेच मशीनला सांगा. लोक वैतागले होते.

पहिल्या महिनाअखेरीस मशीनची बेरीज आणि जनरल लेजरची बेरीज यांत ३६० रुपयांचा फरक आला. मशीनवर बसणारा तरुण म्हणाला, "मशीन बेरजेत चुकत नाही. तुमच्या लेजरमध्ये चूक असेल." दोन तास आम्ही लेजर चाळत बसलो. शेवटी आमचे हेड क्लार्क उठले. जालंधरकडचे हे वयस्कर गृहस्थ, त्यांचे अक्षर छापल्यासारखे. त्यांनी विचारले, "फर्क कितना है? तीन सौ साठ? नौ से भाग दो जी."

जुन्या लोकांना हे ठाऊक आहे. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर बहुधा कुठेतरी दोन शेजारचे आकडे उलटसुलट पडलेले असतात. तीनशे साठाला नवाने भाग जातो, चाळीस येतात. हेड क्लार्क म्हणाले, ज्या खात्यात शतकाच्या आणि दशकाच्या आकड्यांत चाराचा फरक आहे, तेवढीच पाहा. अर्ध्या तासात खाते सापडले. एका पेन्शनर बाईंचे खाते. लेजरमध्ये ४,५९० होते, मशीनमध्ये भरताना ४,९५० झाले होते.

मशीनने बेरीज अचूकच केली होती, पण चुकीच्या आकड्याची. लेजरमध्ये चूक झाली की खाडाखोड दिसायची. शाई फिस्कटलेली, आकडा गिरवलेला, शेजारी कोणाची तरी आद्याक्षरे. चूक स्वतःहून सांगायची की मी इथे आहे. मशीनच्या कागदावर खरे आणि खोटे दोन्ही सारख्याच स्वच्छ अक्षरात छापून येत होते. त्या रात्री मी एक गोष्ट शिकलो आणि तीवर पुढची पंचवीस वर्षे नोकरी केली. काम मशीनने केले तरी ताळा माणसाने पाहायचा.

ताळा हा शब्द आपल्या शाळेतला. गुरुजी म्हणायचे, गणित सुटले असेल, पण ताळा केलास का?

गेले कोण?

पुढचा वेग सगळ्यांनी पाहिला आहे. १९९८ साली केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना आदेश दिला, की १ जानेवारी २००१ च्या आत ७० टक्के व्यवहार संगणकावर आणा. मग २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. देशभरातून सुमारे एक लाख बँक कर्मचारी त्या एका योजनेत बाहेर पडले. नोकरी कोणाची गेली नाही, लोक आपण होऊन गेले, असे कागदोपत्री म्हणता येते.

आमचे हेड क्लार्कही गेले. प्रशिक्षणाच्या याद्या निघत तेव्हा त्यांचे नाव कधीच नसे. निवृत्ती जवळ आलेल्या माणसावर खर्च कशाला, असा हिशेब असावा. एक दिवस ते मला म्हणाले, "साहब, अब तो पासवर्ड पूछने भी बच्चों के पास जाना पड़ता है." ज्या माणसाने नवाच्या भागाने यंत्राची चूक धरली, त्याला यंत्र सुरू करायला दुसऱ्याकडे जावे लागत होते. त्यांच्या निरोपसमारंभात मी भाषण केले. पण त्यांचे नाव प्रशिक्षणाला का नाही, हे विचारायला मी साहेबांच्या केबिनमध्ये कधी गेलो नव्हतो. ही माझी चूक मी आज लिहून ठेवतो.

आता त्या अर्ध्या सत्याकडे येतो. समझोत्याने आतल्या माणसांना राखले. पण १९९० च्या दशकात लिपिकांची भरती रोडावत गेली. मी गेलो त्या दारातून माझ्या धाकट्या भावाच्या वयाची मुले आत येऊ शकली नाहीत. २०११ पासून आयबीपीएसच्या सामाईक परीक्षेने लिपिकांची मोठी भरती होऊ लागली, तोवर एक पिढी दुसरीकडे निघून गेली होती. त्या सभेला ती मुले हजर नव्हती, त्यामुळे त्यांच्या वतीने कोणी बोलले नाही. नोकरी आमची गेली नाही. ती आमच्या मागून येणाऱ्यांची गेली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि व्याजाची ती दहा तारखेची रीत? संगणक आल्याबरोबर ती जायला हवी होती, कारण आता रोजच्या शिल्लकेवर व्याज काढणे ही क्षणाची गोष्ट होती. पण रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झाले ते १ एप्रिल २०१० पासून. यंत्र आधी आले, त्याचा हा फायदा पेन्शनर बाईंपर्यंत पोचायला कितीतरी वर्षे गेली. यंत्राचा लाभ आपोआप खाली झिरपत नाही, तो मागून घ्यावा लागतो.

आजचे यंत्र वेगळे आहे

हे सगळे त्या मुलीला सांगितले तर ती म्हणेल, म्हणजे शेवटी सगळे ठीकच झाले ना? तसे मी म्हणणार नाही. आमचा संगणक आणि आजचे ए.आय. यांत मोठा फरक आहे.

आमचा संगणक सांगितले तेवढेच करायचा. चुकला तर प्रत्येक वेळी तीच चूक. म्हणून ती शोधता यायची. आजचे यंत्र पुष्कळ मजकूर वाचून, पुढे काय शोभेल याचा अंदाज बांधून लिहिते. तेच पुन्हा विचारले तर उत्तर बदलू शकते. आणि उत्तर नेहमी आत्मविश्वासाने येते.

याचा मासला घरचाच आहे. या स्मरणिकेच्या तरुण संपादकांनी माझ्या एका जुन्या टिपणाचा हिंदी अनुवाद ए.आय.कडून करून घेतला. त्यात मी 'दर्शनी हुंडी' लिहिले होते, म्हणजे दाखवताच पैसे द्यावे लागतात ती हुंडी. यंत्राने तिची 'दर्शन के लिए रखी दानपेटी' करून टाकली! वाक्य इतके सुरेख होते की गणपती मंडळाच्या अंकात कोणाला शंकाही आली नसती. मी बँकेत होतो म्हणून थांबलो. चूक खाडाखोड घेऊन आली नव्हती, चांगले कपडे घालून आली होती.

दुसरा फरक वेगाचा. इलाको हाऊसच्या पहाऱ्यापासून माझ्या शाखेतल्या मशीनपर्यंत जवळजवळ तीस वर्षे गेली. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आले आणि तीन वर्षांच्या आत आयटी पार्कमधल्या एका टेबलावरच्या तीन खुर्च्या रिकाम्या झाल्या. मध्ये कोणता समझोता झाला नाही. दाराशी सभाही झाली नाही.

बँकांपुरते पाहिले तर विचार सुरू झाला आहे. रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. ए.आय. वापरताना पाळायची सात सूत्रे त्यात आहेत. माणूस आधी हे त्यांतले एक, उत्तरदायित्व हे दुसरे. फसवणुकीचे पैसे फिरवणारी भाड्याची खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने ए.आय.चे साधनही केले आहे. हे काम माणसाच्या आवाक्यातले नव्हते, ते यंत्राने जरूर करावे. पण एखाद्या गरिबाचे खाते चुकून गोठले तर त्याच्यासमोर बसून उत्तर कोण देणार? तिथे खुर्चीत माणूसच हवा.

तर मग करायचे काय?

मी संगणकतज्ज्ञ नाही. माझ्याकडे आहे तो अनुभव, आणि त्यातून चार गोष्टी सांगतो.

यंत्रापासून दूर राहू नका. शाखेत मशीन आले तेव्हा जे आधी शिकले, त्यांचा मान टिकला. 'मला नाही जमत' म्हणणाऱ्याची दया सगळ्यांना आली, पण काम कोणी दिले नाही. मी स्वतः छत्तिसाव्या वर्षी टाइपिंग शिकलो, तेही आपल्या निम्म्या वयाच्या मुलांसोबत.

आपल्या कामाचा एकच तुकडा जाणून भागत नाही. ज्यांना फक्त खतावणी येत होती त्यांचे काम मशीनने घेतले. ज्यांना व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंत सगळा रस्ता ठाऊक होता, ते तपासणीत गेले, कर्ज विभागात गेले, ग्राहकांसमोर बसले.

न वाचता सही करू नका. यंत्राने तयार केलेल्या कागदावर सही तुमची असते आणि चौकशी आली की यंत्राला कोणी बोलावत नाही.

चौथी गोष्ट तरुणांसाठी नाही, माझ्या वयाच्या आणि सध्या मोठ्या खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींसाठी आहे. आपल्यापैकी कितीतरी जण या शहरात अधिकारी आहेत, शास्त्रज्ञ आहेत, कारखाने चालवतात. नवाच्या भागाची युक्ती हेड क्लार्कना पुस्तकातून मिळाली नव्हती. तीस वर्षे हाताने खतावणी करून ती बोटांत उतरली होती. आज खालच्या पायरीवरचे सोपे काम आपण यंत्राला देऊन टाकतो आणि नव्या मुलांना म्हणतो, तुम्ही फक्त तपासा. पण जे कधी हाताने केले नाही ते तपासायचे कसे? शिडीची खालची पायरी काढून घेतली तर वरच्या पायरीवर उद्या माणूस येणार कुठून? म्हणून थोडे काम मुलांना हाताने करू द्या, वेळ जास्त लागला तरी. आणि प्रशिक्षणाची यादी निघेल तेव्हा पन्नाशीच्या माणसाचे नाव त्यात आहे का, ते पाहा. नसेल तर केबिनमध्ये जाऊन विचारा. मी गेलो नाही, तुम्ही जा.

महाभारत लिहून घेण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. गणपतीने व्यासांना अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. न थांबणारी लेखणी आता आपल्याला मिळाली आहे. दुसरी अट मात्र आपली आपणच पाळायची आहे.

त्या मुलीला मी उत्सवाच्या हिशेबसमितीत घेतले आहे. जमाखर्च संगणकावरच होईल. पण पावतीपुस्तके आणि रोजकीर्द यंदा ती स्वतःच्या हाताने जुळवणार आहे. पहिल्याच आठवड्यात ९० रुपयांचा फरक आला. तिने मला फोन केला. मी एवढेच विचारले, "नवाने भाग जातो का?"

पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला. वर्गणीची पावती २१२ ची होती, नोंद १२२ ची झाली होती.